कपाळातून काढलेलं नाक

घोड्यानं माझ्या आईचं नाक खाल्लं, असं मी सांगितलं की माझी नातवंडं आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प होतात. त्यांचा दोष नाही. गोष्ट ऐकायला हसण्यासारखीच आहे, आणि आमच्या घराचं सगळं दुःख नेमकं त्यातच होतं. आई भाजली असती, तिला देवी येऊन गेल्या असत्या, तर लोक हळहळले असते, दोन दिवस डबे पाठवले असते. घोड्याचं मात्र कुणालाच पटेना. त्या काळी बाईला नाक नसेल तर त्याचं एकच कारण लोकांना ठाऊक होतं: नवऱ्याला तिचा संशय आला आणि त्यानं वस्तरा चालवला. म्हणजे आई एका झटक्यात बदफैली झाली आणि माझे अण्णा, ज्यांना घरातलं झुरळसुद्धा मारवत नसे, ते कसाई झाले. हे आमच्या तोंडावर कुणी बोललं नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

सोलापुरात आमचं घर एका अरुंद बोळात होतं. समोर, मागं, डाव्या हाताला सगळी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची घरं. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, आणि भोंग्याचा आवाज विरतो न विरतो तोच समोरच्या नरसम्माच्या घरातला माग खडखडायला लागायचा, तो दिवे लागेपर्यंत. पाहुणे आले की म्हणायचे, ह्या आवाजात तुम्ही झोपता कसं? आम्हाला मात्र सुट्टीच्या दिवशी माग बंद असला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. अण्णा गिरणीच्या कचेरीत कारकून होते. मोजकं बोलायचे, भाकरी दुधात कुस्करून खायचे, आणि जेवताना कुणी काही विचारलं तर घास गिळून झाल्यावरच उत्तर द्यायचे. घरात त्यांची थोरली बहीण होती, माझी आत्या. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती आलीच. सोवळ्यात असायची. तिच्या पाण्याला, तिच्या चुलीला कुणी शिवायचं नाही. जीभ तिखट, पण अण्णांवर तिचा इतका जीव की ते कचेरीतून यायला जरा उशीर झाला तर ती उंबऱ्याशी माळ घेऊन बसायची आणि जप सोडून मलाच दर दोन मिनिटांनी, "बघ गं वच्छे, आला का," म्हणून पिटाळायची. पोर मी एकटीच. माझ्या पाठची दोन भावंडं जगली नव्हती.

आणि आई. आईचं नाक सरळ, जरा लांबट होतं, आणि त्या नाकाला वासाचं फार वेड. शेंगा भाजताना ती कढईत बघायचीच नाही. मागल्या दारी कपडे वाळत घालता घालता ओरडायची, "वच्छे, उतरव आता!" आणि खरोखर तेव्हाच शेंगा उतरवायच्या झालेल्या असायच्या. मग त्या उखळात लसूण, तिखट, मीठ घालून अशा कांडायची की चटणीला तेल सुटायचं. ज्वारीची गरम भाकरी, ती चटणी आणि वर घट्ट दही. मी पुढं आयुष्यात चांगलंचुंगलं खूप खाल्लं, पण अजून दात शिवशिवतात ते त्या चटणीसाठी. दात आता माझे नाहीत, तरीही.

तो सोमवार होता. आई आणि मी सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन येत होतो, ऊन रणरणत होतं. टांगा ठरवला. आई चढणार, तोच तिच्या हातातला प्रसादाचा पुडा सुटून घोड्याच्या पुढ्यात पडला आणि ती वाकली. एवढंच. मला फक्त घोड्याची मान खाली गेलेली दिसली आणि आईचा आवाज ऐकू आला, तो मी लिहीत नाही. टांगेवाला डोक्यावर हात मारून रडायला लागला, "काटता नै था बाई, कसम से, कब्बी नै काटता था!" त्याचं रडणं खरं होतं. तो खोटं बोलत होता हेही खरं असावं, कारण त्या घोड्याच्या तोंडाला बांधायची जाळी टांग्यातच, त्याच्या बैठकीखाली पडलेली होती.

जखम भरली. नाकाच्या जागी दोन भोकं राहिली आणि वर हाडाचा एक बुटका उंचवटा. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. मला आईची भीती वाटायची, आणि भीती वाटते ह्याची लाज वाटायची. आईनं पदर तोंडावरून घेऊन त्याचा काठ दातात धरायला सुरुवात केली. तशीच ती स्वयंपाक करायची, दळायची, तशीच माझी वेणी घालायची. घसा सारखा कोरडा पडायचा, धुरळ्यानं खपल्या धरायच्या, ओठावर पाणी उतरायचं ते ती पुन्हापुन्हा फडक्यानं टिपायची. आवाज असा झाला की ती बोलायचीच कमी. वास गेला. शेंगा करपायला लागल्या. अण्णा करपलेली चटणी काही न बोलता खायचे, आणि ते काही बोलत नाहीत म्हणून आई चुलीपुढं बसून रडायची. दाराबाहेर ती पडेना. सणावाराला बोलावणी यायची बंद झाली, आणि नरसम्मा, जिचा माग आमच्या दारापासून दहा पावलांवर, तिनं पुढं कित्येक वर्षं आईचा चेहरा पाहिला नाही.

अण्णांचं काय होत होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. कचेरीतली माणसं त्यांच्याशी अदबीनं वागायला लागली होती, आणि ती अदब कशाची हे त्यांना उमजत होतं. एकदा आडावर ते पाणी शेंदत असताना दोन बायका त्यांच्याकडे बघून बाजूला झाल्या. अण्णा भरलेली घागर तिथंच ठेवून घरी आले. आत्या म्हणाली, "घागर कुटं?" ते म्हणाले, "राहिली." नंतर घागर मी आणली.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग गिरणीत एका माणसाचा जबडा यंत्रात सापडून फुटला, आणि तो काही महिन्यांनी चक्क पान चघळत कामावर हजर झाला. अण्णांनी त्याला विचारलं. गावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात एक डॉक्टर आले होते, पहिल्या महायुद्धात तिकडे इराकात, बसऱ्याला फौजेच्या दवाखान्यात दिवस काढलेले. तोंडं फुटलेल्या शिपायांना त्यांनी माणसांत आणलं होतं म्हणे. अण्णा त्यांना थेट घरीच घेऊन आले. उंच, काळे, पायात बूट, आणि बोलणं मास्तरासारखं. आई भिंतीकडे तोंड करून बसली. डॉक्टर तिच्यापुढं जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बाई, मी याहून वाईट पाहिलंय. पदर काढा." आईनं काढला. डॉक्टर तिच्या नाकाकडे कमी आणि कपाळाकडे जास्त बघत होते. बोटं ठेवून त्यांनी कपाळ मापलं. "कपाळ मोठं आहे, बरं झालं," ते म्हणाले. "ह्यातूनच नाक निघेल."

ते काय म्हणतायत हे समजायला आम्हाला वेळ लागला. कपाळाची कातडी पिंपळपानाच्या आकाराची कापायची, पण देठ भुवयांमधे तसाच जोडलेला ठेवायचा, म्हणजे रक्त खेळतं राहील. मग ते पान देठाशी पिरगाळून खाली आणायचं आणि नाकाच्या जागी शिवायचं. तिथं त्यानं जीव धरला की देठ कापून टाकायचा. "ही विद्या आपलीच," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडचे कुंभार करायचे. साहेब आपल्याकडूनच शिकला." आत्या आतल्या दाराआड उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "कुंभार? आणि कापायचं कुटं म्हणालात? कपाळ?"

डॉक्टर गेल्यावर ती बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "कुंकवाची जागा हाय ती," ती अण्णांना म्हणाली. "तितं सुरी लावायची? सवाष्ण बाई महिना-दीड महिना पांढऱ्या कपाळानं बसायची? कुणाच्या जिवावर? तुज्या जिवावर रे! माझं कपाळ बघ, आणि मग बोल." अण्णा खाली बघत राहिले. मग आई बोलली. कित्येक दिवसांत मी तिला इतकं लांब बोलताना ऐकलं नव्हतं. "वन्सं, नाकावाचून कुंकू मी कुणाला दाखवू? रोज लावते आणि पदराखाली झाकते की. मला नाक पाहिजे. मला माणसांत उभं राहायचंय. एवढंच पाहिजे मला, दुसरं काही नको." आत्या म्हणाली, "आणि माझ्या भावाला काही झालं म्हंजे?" तेव्हा अण्णांनी मान वर केली. "कुंकू माझ्या नावाचं ना, आक्का? मग मी सांगतो, राहू दे तिचं कपाळ मोकळं." आत्या त्या दिवशी जेवली नाही.

ऑपरेशन झालं. रोज दुपारी मी डबा घेऊन दवाखान्यात जायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डबा हातातून पडता पडता वाचला. डोक्याला पट्ट्या, डोळे सुजून मिटलेले, भुवयांच्या मधून कातडीचा एक जाड पीळ खाली आलेला आणि नाकाच्या जागी लालबुंद मांसाचा गोळा. त्यात दोन रबरी नळ्या, श्वासासाठी. सगळीकडे आयडोफॉर्मचा, त्या जखमेवरच्या पिवळ्या पुडीचा वास. मला वाटलं, आधी होतं ते बरं होतं. आईला बोलता येत नव्हतं, तिनं नुसती माझी बोटं धरली. पुढं सूज उतरली तेव्हा ती एक नवलाची गोष्ट सांगायला लागली. "वच्छे, माशी नाकावर बसते आणि मला कपाळावर कळते." मी माझ्या करंगळीनं नाकाच्या शेंड्याला अगदी हळू शिवले. "कुठं लागलं?" "वर, कपाळावर," ती म्हणाली, आणि हसायला आलं तसं दुखलं म्हणून तिनं माझा हात दाबला. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, शिरा अजून जुन्या घरचीच वर्दी देतात, काही महिन्यांनी शिकतील. कपाळाच्या उघड्या जखमेला मात्र कुणी बोट लावायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. ती पिकली तर पीळ सडेल, आणि पीळ सडला तर नाक गेलं. पुन्हा घ्यायला दुसरं कपाळ नाही.

नेमकं त्याच आठवड्यात अण्णांना ताप भरला. हिवतापच असावा, सोलापुरात तो घरोघर यायचा. पण ताप काही केल्या उतरेना, अण्णा भलतंसलतं बोलायला लागले, आणि आत्याला जे भय होतं ते तिच्या पुढ्यातच येऊन बसलं. वैद्यांच्या पुड्या झाल्या, अंगारा झाला. एका दुपारी ती मला म्हणाली, "आज डबा मी नेते. तू अण्णापाशी बस." दवाखान्याच्या दिशेचं वारंसुद्धा तिला चालायचं नाही. मी तिथून आले की मला मागल्या दारी अंघोळ करूनच घरात यावं लागायचं. आणि ती अनवाणी, डोक्यावरून विधवेचं तांबडं आलवण घेऊन, भर उन्हात निघाली. मला वाटलं, भावाच्या आजारानं हिचं मन मऊ झालं. परत आली ती थेट न्हाणीत गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी अण्णांना घाम सुटला आणि ताप उतरला. त्याच्या पुढल्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा मी तिथं होते. आतला बोळा लाल निघाला. "रक्त कसं?" म्हणत त्यांनी पुसलं, तर ते पुसलं जाईना, चिकट लागलं. मेण होतं. त्या काळी बायका कपाळाला आधी मेणाचं बोट लावायच्या आणि त्यावर कुंकू. ते मेण आणि ते कुंकू पट्टीखाली, त्या उघड्या मांसावर, चांगलं ठसठशीत लावलेलं होतं, आणि भोवतीनं सगळं पिकलं होतं. डॉक्टर इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. "कोणी केलं हे? कोणत्या मूर्ख माणसानं केलं?" आईचे डोळे मिटलेले होते. ती म्हणाली, "मीच लावलं." डॉक्टर म्हणाले, "तुमच्याकडे कुंकू आलं कुठून?" मी आत्याच्या त्या न्हाणीतल्या हातांचा विचार करत होते.

पुढं आईनं मला ते सांगितलं, मी स्वतः संसाराला लागल्यावर. आत्या खाटेशी आली, पदराच्या गाठीतून आईचाच कुंकवाचा करंडा काढला, आणि म्हणाली, "पोरी, तुला दुखेल. पण तो जायला लागलाय गं." चौदाव्या वर्षापासून जिनं कुंकवाला बोट लावलं नव्हतं, जिला लावायची बंदी होती, तिनं पट्टी वर सरकवून ते स्वतःच्या बोटानं लावलं. मी विचारलं, "मग तू नको का म्हणाली नाहीस?" आई म्हणाली, "कशी म्हणू? तिनं आयुष्यभराचं सोवळं मोडलं होतं. आणि मलाही भीती वाटत होतीच की." आज माझ्या घरातली शिकलेली माणसं हे ऐकून आत्याला अडाणी म्हणतात. म्हणोत. ती अडाणी होतीच. पण त्या दुपारी तिचं भावावर होतं तेवढं कुणाचं कुणावर प्रेम मी पुढं फारसं पाहिलं नाही, आणि त्या प्रेमानंच आईचं नाक जवळजवळ मातीत घातलं.

आईला ताप चढला. जखमेतून पू वाहायचा, नर्स दिवसातून कितीतरी वेळा औषधाच्या पाण्यानं धुवायची आणि आई दात-ओठ खाऊन पडून राहायची. नाकाचा शेंडा निळा झाला, मग काळा. डॉक्टर रोज टाचणीनं टोचून बघायचे, रक्ताचा थेंब येतो का. मी त्यांच्या पाठीआडून बघायची आणि त्यांचे खांदे बघून मला कळायचं. अण्णा ताप उतरलेल्या अंगानं, काठी टेकत यायचे आणि खाटेच्या पायथ्याशी बसायचे. आत्यानं त्यांना सगळं आपणहून सांगून टाकलं होतं. "तुजा ताप उतरला की नाही? सांग, उतरला की नाही?" असं म्हणत ती भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. अण्णा तिला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आक्का, आता देवाला सांग, तिचंपण बघ."

शेवटी डाव्या नाकपुडीची कड झडली, बाकीचं जगलं. देठ कापायच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मला जसं करायचं होतं तसं झालं नाही. पण नाक आहे." आणि खरंच होतं. जरासं उजवीकडे कललेलं, एका बाजूला खाच पडलेलं, रंगानं चेहऱ्यापेक्षा सावळं, पण नाक. कपाळावर पानाच्या आकाराचा गुळगुळीत, चकाकता वण. आईनं आरसा मागितला, बघितलं, आणि पालथा ठेवला. "बरं आहे," म्हणाली. श्वास नीट आत जायला लागला, घसा कोरडा पडेना, आवाज हळूहळू तिचा तिला परत मिळाला. एका सकाळी ती मागल्या दारातून ओरडली, "वच्छे, दूध लागतंय खाली!" मी धावले तर खरोखर लागत होतं. आत्यानं डोळ्यांना पदर लावला, आणि ते दूध नासलं तरी तिनं कुणाला टाकू दिलं नाही.

एवढं होऊनही आई काही बाहेर पडेना. हे मला फार विचित्र वाटायचं. दारात कुणाची सावली पडली की तिचा हात आपोआप वर जायचा, पदर तोंडावर यायचा, काठ दातात. झाकण्यासारखं होतं ते निम्म्याहून अधिक गेलं होतं, हात मात्र ऐकत नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पदर खाली ठेवा, लोक चार दिवस बघतील आणि विसरतील." पण डॉक्टर आमच्या बोळात राहत नव्हते. तिथं आता नवीच कथा चालू होती: नवऱ्यानं कापलं आणि पस्तावून त्यानंच पुन्हा शिवून आणलं. अण्णांना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदाच मोठ्यानं हसले, आणि ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

त्यातच माझं लग्नाचं वय झालं. मोहोळकडचं एक स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, घरची थोडी शेती. बघायला मुलाचे काका-काकू येणार होते. आत्यानं बेत ठरवला: आईनं स्वयंपाकघरात राहायचं, प्रकृती बरी नाही म्हणून सांगायचं. ती स्वतः अशा प्रसंगी पुढं येऊ शकत नव्हतीच. म्हणजे घरातल्या दोन्ही बायका आत, आणि बैठकीत अण्णा आणि मी. आईनं लाडू वळले, माझी वेणी घातली, मला स्वतःची जांभळी इरकल नेसवली. मला ते स्थळ हवं होतं. मुलाला मी पाहिलंही नव्हतं, पण ह्या घरातून, ह्या बोळातून निघून जायला मी आतुर झाले होते, हे लपवण्यात काय अर्थ.

पाहुण्यांनी मला वाचायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, चालून दाखवायला लावलं. काकूंना मी पसंत पडले असावे. त्यांनी लाडू मोडत अण्णांना म्हटलं, "मुलगी चांगली हाय. आमच्या कानावर सगळं आलंय, आमी ते मनाला लावून घेत न्हाई. एकच करा. कन्यादानाला मुलीचे कुणी मामा-मामी बसवा. आईनं मांडवात यायलाच पाहिजे असं काही न्हाई. चार माणसं येणार, कुणाकुणाच्या तोंडाला हात लावायचा?" त्या वाईट बाई नव्हत्या. चांगल्या मनानंच बोलत होत्या. अण्णा सतरंजीचा दोरा ओढत बसले. समोरचा माग तेवढा खडखडत होता.

मग आतलं दार वाजलं आणि आई आली. पदर खांद्यावर होता. मी तिच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो वर आला, छातीपर्यंत आला, तिथं थांबला, आणि तिनं तो दुसऱ्या हातानं धरून खाली नेला. ती अण्णांच्या शेजारी सतरंजीवर बसली. काका खिडकीबाहेर बघायला लागले. आई काकूंना म्हणाली, "वच्छी माझी मुलगी हाय. कन्यादानाला मी बसणार. तुम्हाला बघायचंच असेल तर आत्ताच नीट बघून घ्या, मांडवात बघत बसू नका." काकूंनी बघितलं. खरोखर नीट बघितलं, आणि मान खाली घातली. काका उठत म्हणाले, "कळवतो मग." अण्णा म्हणाले, "नका कळवू. बसायला ती नसेल तर मीही नाही."

काका-काकू निघाले तशी आईही उठली. पाहुण्यांना पोचवायला घरधनिणीनं कोपऱ्यापर्यंत जायचं, ही आमच्याकडची रीत. मला वाटलं, ती उंबऱ्याशी थांबेल. ती उंबरा ओलांडून बोळात उतरली. दुपारचं ऊन तोंडावर, कपाळावरचा वण चकाकत होता. ती काकूंच्या बरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेली, "सावकाश जा," म्हणाली, आणि एकटी परत यायला वळली. बोळातली दारं एकेक करून भरली होती. माझं स्थळ तर गेलंच होतं आणि मी दारात उभी राहून रडत होते, त्यातलं किती स्थळासाठी आणि किती तिच्यासाठी ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

समोरचा माग बंद पडला. नरसम्मा हात पुसत बाहेर आली आणि आईच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली. तिनं आईच्या नाकाकडे बघितलं, मग कपाळाकडे, मग पुन्हा नाकाकडे, नाक कुठून आलं ह्याचा हिशेब लागल्यासारखं. आता हीच ते तोंडावर विचारणार, असं मला वाटलं. सगळ्या गावाच्या मनात इतकी वर्षं एकच प्रश्न होता, कुणी केलं आणि का केलं.

नरसम्मा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "लई दुकलं काय गं, अम्मा?"

"व्हय गं," आई म्हणाली. "लई दुखलं."